डोमाच्या थैल्या

रविवारी लेकीचं, तृप्तीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, म्हणून डोमा गुरुवारी सकाळीच लाल दोरा आणायला मोहाडीला निघाला. तो रस्त्याच्या वळणाआड गेला न गेला तोच शेजारच्या ओसरीवरून सरिताने हाक दिली, "गेले का व तुळसा? तं काढ थैल्या!"

डोमाच्या बायकोने, तुळसाने, पलंगाखालचं गाठोडं ओढून दारापाशी आणलं. मांजरपाटाच्या पांढऱ्या पिशव्या, त्यांना तृप्तीच्या जुन्या ओढण्यांचे लाल बंद. साक्षगंधाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात जाताना एक पिशवी द्यायची, आत चिवडा आणि लाडू, असं डोमाने ठरवलं होतं. नुसतं ठरवलं नव्हतं, तर मुलाकडच्यांसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "सगळ्या थैल्या माया हातच्या!"

सरिता, म्हणजे तुळसाची मोठी जाऊ, गुडघे धरत खाली बसली. तृप्ती दवाखान्यातून सुट्टी काढून आली होती, तीही सुई ओवून बसली. तिघींचं काम ठरलेलं होतं. सरिताने ब्लेडने बंद उसवायचे, तुळसाने आणि तृप्तीने ते हाताने पक्के करून परत लावायचे.

डोमाची टीप तशी वाईट नव्हती. बाजू तो बऱ्या शिवायचा, तोंडाची दुमडपट्टीही आता सरळ यायला लागली होती. पण बंद जिथं पिशवीला जोडायचा, तिथं तो एकच टीप मारून दोरा तोडायचा. तीच टीप मागंपुढं फिरवून घट्ट करावी लागते, हे त्याला ठाऊक नव्हतं. पिशवी रिकामी असेपर्यंत सुंदर दिसायची. तांदूळ भरले की बंद हातात आणि तांदूळ रस्त्यावर.

"कवापर्यंत लपवशीन, तुळसा?" सरिता म्हणाली. "साक्षगंध निघून जाईन. पन लगनाच्या बखतीबी असंच पलंगाखाली गाठोडं ठेवशीन का?"

"लगनाचं लगनाच्या बखती पाहू, बाई. आता हे बंद पाहा."

"मी म्हनतो, सांगून टाकाचं. मानूस साठ वर्साचा झाला."

"त्याच्याचसाठी नाही सांगत."

सरिताने तृप्तीच्या हातातली पिशवी ओढून पाहिली. "अवं पोरी, दवाखान्यात असेच टाके घालता का व तुमी? तं मी नाही येत बापा तुमच्या दवाखान्यात."

"टाके डॉक्टर घालतात, मोठ्या आई. मी फक्त कैची देते."

"मंग कैचीच दे."

तिघी हसत होत्या तेव्हाच अंकुश आला. तृप्तीचा धाकटा भाऊ, नागपूरला कंपनीत नोकरीला; साक्षगंधाच्या तयारीसाठी सकाळच्या बसने आला होता. खांद्यावरची सॅक खाली ठेवत त्याने जमिनीवरचा पसारा पाहिला.

"बाबाच्या थैल्या उसवून काहून राहिल्या तुम्ही?"

तृप्तीनेच सांगितलं. वर्षभर गावात ज्याच्या ज्याच्या पिशवीचा बंद तुटला, त्याने ती गुपचूप आईकडे आणून दिली आणि आईने दुरुस्त केली. किराणावाल्या टिकारामची तर भर बाजारात फाटली होती.

अंकुशने सॅकमधून एक चकचकीत पिशवी काढली. तिच्यावर फुलांच्या वेलीत 'तृप्ती आणि कुलदीप' छापलेलं होतं. "हे पाहा. नमुना आहे. मी फोन केला की शनिवारी सगळ्या हातात. मी महिनाभरापासून तेच म्हणून राहिलो."

सरिताने पिशवी हातात घेऊन उलटसुलट केली. "चांगली आहे हो. नावबी आहे पोरीचं." तिने तुळसाकडे पाहिलं. "पोट्टा काही चुकीचं नाही बोलून राहिला."

"मला नको माझं नाव," तृप्ती म्हणाली. "त्या नावाच्या थैलीत लोक वांगे आणतील."

"अन् बाबाच्या थैलीत आणतील तर वांगे रस्त्यावर पडतील!" अंकुशचा आवाज चढला. "कुलदीपच्या घरच्यांसमोर काय शोभा होईल आपली? टिकतच नाहीत त्या थैल्या, ताई! बाबाला शिवता येत नाही, हे एकदा मान्य करा ना सगळ्यांनी!"

*

डोमा तेव्हा मागच्या अंगणात होता.

मोहाडीची काळीपिवळी जीप भरायला वेळ होता. ड्रायव्हर चहा पीत होता. डोमाने खिशात हात घातला तर ओढणीची चिंधी नव्हती. लाल रंगात दहा लाल असतात, चिंधीशिवाय दोरा जुळवायचा कसा? म्हणून तो परत फिरला होता. वाटेत टिकारामने दुकानातून हात वर करून सांगितलं होतं, "डोमाभाऊ, थैली एकदम मजबूत आहे बरं!" जरा जास्तच मोठ्याने सांगितलं होतं. डोमाला बरं वाटलं होतं. मधल्या गल्लीने आलं की मागचं दार लवकर लागतं, म्हणून तो मागून आला.

अंकुशचं बोलणं त्याने पूर्ण ऐकलं.

दारात जाऊन तो उभा राहिला. चौघांनी वर पाहिलं. एका बाजूला दुरुस्त झालेल्या पिशव्यांची चळत होती, दुसऱ्या बाजूला न झालेल्यांची. मध्ये त्याच्याच दोऱ्याची गुंतवळ पडली होती. डोमाने दुसऱ्या चळतीतली एक पिशवी उचलली, आत मूठ घालून बंद ओढला. बंद टर्रकन निघून हातात आला.

"टिकारामचीबी?" त्याने विचारलं.

तुळसाने मान हलवली.

"दादाची?" त्याने सरिताकडे पाहिलं.

"आमचीबी," सरिता हळूच म्हणाली. मघाशी सांगून टाकायचं म्हणणारी ती आता लुगड्याचा पदर नीट करत राहिली.

डोमाने निघालेला बंद पिशवीत ठेवला, पिशवीची घडी घातली आणि ती होती तिथंच चळतीवर ठेवली. नमुन्याची छापील पिशवी अंकुशच्या मांडीवर होती. तिच्याकडे पाहून तो म्हणाला, "चांगली आहे. ह्याच सांगून दे."

"अवो, चाय तं घ्या," तुळसा उठली.

पण तो गेला होता.

*

अंकुशला जे हवं होतं ते मिळालं होतं. तरी फोन हातात धरून तो नुसता बसून राहिला.

"आता लाव ना फोन," तृप्ती म्हणाली. "बाबा हो म्हणाले."

"ताई, टोमणे नको मारू. मला काय माहीत ते मागे उभे आहेत म्हणून." तो आईकडे वळला. "पण तूसुद्धा, आई! वर्षभर खोटं? पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर आतापर्यंत शिकले नसते का?"

तुळसा जमिनीवरचे दोरे गोळा करत होती. ती रडत नव्हती. दोऱ्यांचा गोळा करून तिने तो मुठीत धरला.

"तू नागपूरले होता. तुले मालूम नाही."

"काय नाही मालूम?"

"रिटायर होऊन जवाहरनगरचं क्वार्टर सोडलं, इकडे आलो. तवा तुया बाप रोज सकाळी फॅक्टरीच्या बखतीले दाढी करे. इस्तरीचा शर्ट घाले. अन् दारात खुर्ची टाकून बसे. बस येनार नाही, का काही नाही. दुपारलोक बसे. मी म्हनो, कोठी जाता का? तं म्हने, कोठी नाही. तुया फोन आला का म्हने, बरा आहो. फोन ठेवला का चूप."

फोनवरचं ते "बरा आहो" अंकुशने कितीतरी वेळा ऐकलं होतं आणि बरं म्हणून ठेवून दिलं होतं.

"एक दिवस चादरीचा तुकडा घेऊन माया मशीनवर बसले. कोनी सांगितलं नाही, आपल्याच मनानं. थैली शिवली. मले दाखवाले आनली. मी म्हटलं, अवो, टीप वाकडी आली." तुळसा थांबली. "बस, इतलंच म्हटलं. मशीनवर कपडा झाकला अन् आठवडाभर पुन्हा खुर्ची. मंग मी म्हटलं, नाही बोलाचं आपल्याले. वाकडी तं वाकडी. फाटली तं मी पाहून घेईन."

सरिता तोंडाला पदर लावून बसली होती. हे तिलाही ठाऊक नव्हतं. शेजारी राहूनही नव्हतं.

अंकुशने फोन लावला. "हो, तो साक्षगंधाच्या पिशव्यांचा नमुना होता ना... नाही. छापू नका. नाही भाऊ, रंगाचं काही नाही. घरच्याच आहेत आमच्याकडे." फोन खाली ठेवून त्याने बाह्या सरसावल्या. "सुई दे इकडं."

"पक्ष बदलला का रे?" सरिताने विचारलं.

"तुम्ही पण बदललाच ना, मोठ्या आई," तृप्ती म्हणाली. "आधी म्हणे सांगून टाका, मग म्हणे छापील चांगली, आता?"

"आता मले उसवू दे," सरिता म्हणाली आणि ब्लेड उचललं.

*

सरिताचा नवरा सेवकराम शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, गवत कापत होता. धान निघून गेलं होतं आणि रिकाम्या बांध्यांमध्ये, खाचरांत, लाखोळीचं कडधान्य हिरवंगार पसरलं होतं. धाकटा भाऊ बाजाराचे कपडे घालून धुऱ्यावरून चालत येताना दिसला, तेव्हाच त्याला कळलं की घरी काहीतरी झालं. डोमा येऊन मातीत बसला. पँटीचाही विचार केला नाही.

सेवकरामने विळा खाली ठेवला. "थैल्याचं समजलं वाटते."

डोमाने मान झटकन वर केली. "तुलेबी मालूम होतं, दादा?"

"मालूम होतं म्हंजे? मायी थैली स्टँडवर फाटली ना. किलोभर वांगे. एक बसच्या चाकाखाली, एक नालीत. मी अन् कंडक्टर, दोघं वाकून वाकून वांगे वेचून राहिलो. ड्रायव्हर हॉर्न देऊन राहिला."

डोमाला हसायचं नव्हतं. त्याने तोंड फिरवलं आणि लाखोळीकडे पाहत राहिला.

"मंग मले सांगितलं काहून नाही तू?"

"सांगनारच होतो. फाटकी थैली घेऊन तुयाच घरी निघालो होतो." सेवकरामने बसून तंबाखूची चंची काढली. "तं तुळसा अंगनात आडवी आली. डोमा, ते लगन होऊन आली तवापासून मायासमोर उभी राहून कधी बोलली नाही. मी भासरा, मोठा दीर ना. पानी देईन तं पदर पुढे घेऊन, खाली ठेवून जाईन. त्या दिवशी सरळ मायाकडे पाहून म्हने, थैली मायाजवळ द्या, अन् त्यायले एक शब्द नोका सांगू. मी देऊन देल्ली बापा. का करतो?"

डोमा गवताची एक काडी घेऊन तिचे तुकडे करत राहिला.

"लहान पोट्टा समजली का मले?"

"ते तिले इचार. मले का इचारतं?" सेवकरामने तंबाखू मळली. "मी तुले दुसरंच इचारतो. थे मशीन कोनाची होय?"

"कोनती?"

"जेच्यावर तू बसतं, थे."

"घरची," डोमा म्हणाला, आणि मग त्याला स्वतःलाच ते बरोबर वाटलं नाही. "तुळसाची होय. तिच्या बापानं देल्ली होती."

"मंग ते आता कोठी बसते?"

डोमाला क्वार्टरची खिडकी आठवली. तिथं मशीन असायची. आजूबाजूच्या बायांचे ब्लाउज, पोरींचे फ्रॉक, परकर, काय काय त्या खिडकीखाली ढिगाने पडलेलं असायचं. ड्युटीवरून परत येताना जिन्यातच त्याला मशीनचा आवाज ऐकू यायचा आणि तुळसा घरी आहे हे कळायचं. इकडं आल्यापासून त्या मशीनवर तो बसत होता. ब्लाउज शिवायला गावातली एखादी आली तर तुळसा म्हणायची, आता डोळ्यानं दिसत नाही व बाई. डोळ्यानं दिसत नाही, आणि हाताने इतके बारीक टाके घालत होती. खाली जमिनीवर बसून.

"दादा," तो म्हणाला, "मी कधी इचारलंच नाही तिले."

"मंग आता इचार. आधी हा भारा उचलू लाग."

दोघांनी मिळून गवताचा भारा बांधला. सेवकरामने तो डोक्यावर घेतला. डोमा त्याच्या मागं मागं घराकडे निघाला.

*

बाबा परत आले तेव्हा तृप्ती कांदा चिरत होती. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. कोपऱ्यातली मशीन दोन्ही हातांनी ओढून खिडकीपाशी आणली, उजेडात. तिच्यासमोर स्टूल ठेवलं, ते हलतंय का पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "तुळसा, बस."

"भात मांडला मी," आई म्हणाली.

"भात तृप्ती पाहीन. तू बस."

"रागानं बोलून राहिले का?"

"रागच आला आहे मले. पन तू आधी बस."

आई हात पुसत आली. सरिता आणि अंकुशने हातातलं काम थांबवलं. स्टुलावर बसून आईने मशीनचं चाक एकदा हाताने फिरवलं. कुरकुर झाली. तिचा चेहरा बदलला.

"तेल नाही घातलं तुमी."

"तेल घालाचं असते?"

सरिताला हसू फुटलं. आईने कुप्पी मागवली, जिथं जिथं लागतं तिथं थेंब थेंब सोडला, चाक पुन्हा फिरवलं. आवाज गेला. तृप्ती भाताकडे पाहायचं विसरून दारातच उभी राहिली. वर्षभर पाहिली नव्हती अशी आई तिथं बसली होती. पाठ ताठ, पाऊल पायडलवर, मान थोडी तिरपी.

बाबा बाजूला जमिनीवर बसले. "काहून नाही सांगितलं मले?"

"सांगितलं होतं. एकदा. मंग खुर्चीवर कोन बसलं होतं आठवडाभर?"

बाबांनी खाली पडलेला एक दोरा उचलला.

"मले भेव वाटे," आई म्हणाली. ती मशीनकडेच पाहत होती. "तुमी फाटक्या शिवा, पन शिवा. मी उसवत राहीन. त्याच्यात मले काही जड नाही गेलं."

"अन् तुयी मशीन?"

आईने सुईत दोरा ओवला. एकदा ओवला गेला नाही, दुसऱ्यांदा गेला. "मशीनची आठवन ये," ती म्हणाली. "दुपारची जास्त ये."

"मंग मागाची नाही का?"

"मागितली असती तं तुमी सोडून देल्ली असती."

बाबांनी थोडा विचार केला. "हो," ते म्हणाले. "देल्ली असती."

आईने एक उसवलेली पिशवी मशीनवर ठेवली. "पाहा इकडे. बंद इथं ठेवला. टीप मारली. आता दोरा नाही तोडाचा. ही दांडी वर करा. पाहा, मशीन मागं चालते. पुन्हा खाली, पुन्हा पुढं. मंग तोडा."

बाबा चष्मा सरकवून वाकले. "ती दांडी त्याच्यासाठी आहे?"

"तुमाले का वाटलं?"

"मले वाटलं, कपडा अटकला तं काढाले."

आता मात्र अंकुशला आवरलं नाही. तो हसायला लागला, आणि घाबरून बाबांकडे पाहिलं, तर बाबांचेही खांदे हलत होते. ओसरीवर गवत टाकून सेवकराम आत आला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला. सरिताला हसण्यामुळे सांगता येईना.

रविवारी पाहुणे त्या थैल्या घेऊन गेले आणि बंद तुटला म्हणून कुणी परत आलं नाही. कुलदीपच्या आईने तर जास्तीची एक मागून नेली. पण तृप्तीला पुढं सासरी गेल्यावर साक्षगंधापेक्षा ही गुरुवारची दुपारच जास्त आठवायची. आई मशीनवर, मोठ्या आई ब्लेड घेऊन, अंकुश पिशव्या उलटून सुलट करणारा, आणि भात थोडा लागलेला.

त्या गुरुवारी उन्हं खिडकीतून खाली उतरली तेव्हा आई उठली आणि बाबांना म्हणाली, "आता तुमी बसा." बाबा बसले. ओठ घट्ट मिटून त्यांनी एक बंद लावला. पुढं, मागं, पुन्हा पुढं. मग दुसरा. दोरा तोडून पिशवी आईकडे दिली. आईने बंद हातावर ताणून पाहिले, खालचा टाका नखाने तपासला.

"उसवा," ती म्हणाली.

तृप्तीने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं.

"एकच, का दोन्ही?" बाबांनी विचारलं.

"दोन्ही. खालचा दोरा ढिला आहे."

बाबांनी अंकुशकडे हात केला. "ब्लेड आन बे इकडे. दोन्ही उसवाचे आहेत." आणि स्टुलावरच मांडीवर पिशवी घेऊन ते एकेक टाका काढू लागले. काढता काढता म्हणाले, "तुळसा, उद्यापासून असं करू. सकाळी तू बसजो. दुपारी मी."

"सकाळी तुमी," आई म्हणाली. "दुपारी मी."

"बरं," बाबा म्हणाले. "दुपारी तू."